आधी शाळेची परीक्षा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी अधिकारानं बोलू शकतील असे पुष्कळजण समोर बसलेले आहेत. मला त्यांचा सहवास मिळाला नाही. पण त्यांच्या पिढीतले असंख्य प्राथमिक शिक्षक कोणत्या वाटेनं या पेशात आले, ते आपल्याला ठाऊक आहे. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा मिसरूड फुटायच्या वयात शाळेवर रुजू व्हायचा, काही वर्षं वर्ग सांभाळायचा, मग शिक्षण खातं त्याला ट्रेनिंग कॉलेजात पाठवायचं आणि तो पी.टी.सी. होऊन परत यायचा. नोकरी आधी, प्रशिक्षण मागाहून. आज आपण बी.एड., डी.एल.एड. आणि टीईटी या क्रमाला इतके सरावलो आहोत की हा उलटा क्रम आपल्याला मागासलेला वाटतो. जगातल्या काही पुढारलेल्या देशांनी मात्र तोच क्रम नव्यानं, विचारपूर्वक उभा केला आहे. नोकरीत राहून, पगार घेत, शाळेतच शिक्षक होण्याचा हा मार्ग आणि त्यासाठी करायचा अर्ज, हा माझा आजचा विषय आहे.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकते. या मार्गात अर्ज उमेदवार करतो, पण परीक्षा आधी शाळेची व्हायला हवी. शिकवणाऱ्याला शिकवील असा माणूस तिथं आहे का? त्या माणसाच्या वेळापत्रकात त्यासाठी तास आहे का? नव्या शिक्षकानं एखादा पाठ बिघडवला तर मुलांचं नुकसान भरून काढणारं कुणी जवळ आहे का? हे पाहिलं गेलं तिथं ही पद्धत फळाला आली. पाहिलं गेलं नाही तिथं प्रशिक्षणाच्या नावानं कमी पैशात राबणारी माणसं मिळवली गेली. इंग्लंडचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हेच सांगतो, आणि महाराष्ट्राची गेली पंचवीस वर्षंही.

मी काही वर्षं इंग्लंडमधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. तिथं माझ्याकडे शिकाऊ शिक्षक असत. त्यांतले बरेचसे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून काही आठवड्यांसाठी आलेले असायचे. काहीजण मात्र आमच्याच शाळेच्या पगारपत्रकावर होते. १९९७-९८ च्या सुमारास तिथं ‘ग्रॅज्युएट टीचर प्रोग्रॅम’ सुरू झाला. पदवी हातात असलेला, बहुधा दुसऱ्या एखाद्या कामधंद्यात काही वर्षं काढलेला माणूस शाळेत नोकरीला लागायचा. त्याला अप्रशिक्षित शिक्षकाच्या श्रेणीचा पगार मिळे, सरकार शाळेला अनुदान देई, आणि साधारण वर्षभरात तो पात्र शिक्षकाचा दर्जा मिळवी. पुढं ही योजना बंद झाली आणि तिची जागा पगारी ‘स्कूल डायरेक्ट’नं घेतली. २०१८ पासून पदव्युत्तर शिक्षक-उमेदवारीची योजनाही आली. दर काही वर्षांनी तिथलं सरकार पाटी बदलतं. आतला सांगाडा मात्र बराचसा तोच राहिला आहे, आणि मला त्या सांगाड्याविषयीच बोलायचं आहे.

ग्रॅज्युएट टीचर प्रोग्रॅममध्ये उमेदवारानं नुसता फॉर्म भरून भागत नसे. त्याला घेणारी शाळा सोबत असावी लागे. शाळेला सांगावं लागे की या माणसाचा मार्गदर्शक कोण, त्याला काय येतं, काय येत नाही, आणि जे येत नाही ते वर्षभरात कुठं, कुणाकडून, कसं शिकवणार. प्रत्येकाची सुरुवातीची गरज तपासून त्याच्यापुरता प्रशिक्षणाचा आराखडा लिहिला जाई. बँकेत दहा वर्षं हिशेब केलेल्या माणसाला गणित शिकवत बसायचं नव्हतं. त्याला तेरा वर्षांचं मूल कसं विचार करतं ते दाखवायचं होतं. शाळेत मदतनीस म्हणून वर्षानुवर्षं काम केलेल्या बाईंना मुलं कळत होती, त्यांना विषयाची खोली हवी होती. दोघांचा आराखडा एकसारखा असून चालणारच नव्हता.

शिवाय काही गोष्टी नियमातच होत्या. प्रशिक्षण किमान दोन शाळांमध्ये झालं पाहिजे, म्हणजे एकाच शाळेच्या सवयी अंगवळणी पडणार नाहीत. आणि नोकरीत राहून शिकणाऱ्याला पूर्ण वेळाच्या पात्र शिक्षकाच्या अध्यापनकामाच्या नव्वद टक्क्यांपेक्षा जास्त काम देता येणार नाही. हा नव्वदाचा आकडा मला अजूनही अपुरा वाटतो; उरलेल्या दहा टक्क्यांत शिकायचं किती? चांगल्या शाळा सुरुवातीला त्याच्या निम्मंही काम देत नसत. पण अशी एक रेषा कायद्याच्या भाषेत लिहून ठेवलेली आहे, याचं मोल मला भारतात परत आल्यावर कळलं.

आमच्या शाळेत पहिले काही आठवडे शिकाऊ शिक्षकाला वर्ग द्यायचा नाही असा शिरस्ता होता. त्यानं एक मूल निवडायचं आणि दिवसभर त्या मुलाबरोबर फिरायचं. गणित, इतिहास, विज्ञान, पी.टी. ते मूल कुठं बोलतं, कुठं गप्प होतं, कुठल्या बाईंच्या तासाला वही उघडतच नाही. गणितात मठ्ठ ठरलेली मुलगी स्वयंपाकाच्या तासाला सहा माणसांचं प्रमाण चार माणसांवर बिनचूक आणते, हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुढं गुणोत्तर वेगळ्या तऱ्हेनं शिकवतो. मग तो माझ्या वर्गात पाच-सहा मुलांना घेऊन बसायचा, मग अर्धा तास, मग पूर्ण पाठ. पाठ झाला की आम्ही बसायचो. एका शिकाऊ शिक्षकानं ऋण संख्यांची वजाबाकी शिकवली होती. ‘वजा वजा अधिक’ हे मुलांनी एका सुरात म्हटलं होतं आणि तो खूश होता. मी विचारलं, तीनातून वजा पाच गेले तर आठ का येतात, हे या वर्गातल्या कोणत्या मुलाला सांगता येईल? तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, मला तरी सांगता येईल का, याचा मी विचार करतोय. त्या आठवड्याचं आमचं सगळं बोलणं मग त्यावरच झालं. हे बोलणं सुट्टीच्या घाईत, जिन्यावर उभ्याउभ्या होणारं नव्हतं. त्यासाठी माझ्याही वेळापत्रकात ठरलेला तास होता आणि त्या तासाला मला गैरहजर शिक्षकाच्या जागी पाठवत नसत.

आता अर्जाविषयी. तिथल्या फॉर्ममध्ये गुणपत्रकांच्या रकान्यांबरोबर एक मोठा मोकळा चौकोन असतो. तुम्हाला शिक्षक का व्हायचं आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा. अर्ज पूर्वी ‘युकॅस’ या विद्यापीठ-प्रवेश संस्थेमार्फत जात. आता तिथल्या शिक्षण खात्यानं स्वतःची सेवा उघडली आहे. पण हा चौकोन तसाच आहे, आणि उमेदवाराची मुलाखत होणार की नाही हे बरंचसं त्यावर ठरतं. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली मराठी मंडळी, विशेषतः नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडं गेलेल्या एम.एस्सी., बी.ई. झालेल्या मुली, हा फॉर्म घेऊन माझ्याकडे यायच्या. त्यांची कागदपत्रं चोख असत. पुण्या-मुंबईच्या पदवीची तिथल्या पदवीशी तुलना करणारं प्रमाणपत्र आणलेलं असे, गणित आणि इंग्रजीची तिथल्या शालान्त परीक्षेइतकी पात्रता सिद्ध केलेली असे, पार्श्वभूमीची तपासणी कशी होते तेही वाचलेलं असे. अडायचं ते त्या चौकोनापाशी.

पहिल्या मसुद्यात हमखास असायचं: मला लहानपणापासून शिक्षिका व्हायचं होतं, मला मुलं फार आवडतात, शिक्षण हा पवित्र पेशा आहे. हे सगळं खरं असायचं आणि त्यातून काहीच कळायचं नाही. मग मी त्यांना बोलतं करायचे. एकीनं सांगितलं की ती जवळच्या प्राथमिक शाळेत आठवड्यातून एकदा मुलांचं वाचन ऐकायला जाते, आणि एक मुलगा प्रत्येक अनोळखी शब्दाचं पहिलं अक्षर पाहून बाकीचा शब्द अंदाजानं ठोकतो. तिनं त्याला शब्दाच्या शेवटापासून वाचायला लावलं, आणि त्याचा अंदाज सुटायला लागला. मी म्हटलं, हे लिही. ती म्हणाली, एवढंसं काय लिहायचं? आपल्याकडच्या सुशिक्षित माणसाची ही मोठी अडचण आहे. आपल्याला पदव्या मोठ्या वाटतात आणि आपण स्वतः पाहिलेली गोष्ट क्षुल्लक वाटते. सोळा वर्षं शिकून त्या मुलीला एकदाही, एकाही फॉर्मनं, ‘तू काय पाहिलंस’ असं विचारलं नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी बहुतेक शाळा उमेदवाराला खऱ्या मुलांपुढे छोटा पाठ घ्यायला सांगतात. पाठ बसला की फसला यापेक्षा नंतरच्या बोलण्याला मी जास्त महत्त्व द्यायचे. पाठ का फसला हे ज्याला स्वतः सांगता येतं, तो शिकणारा माणूस आहे. आणि मुलाखतीच्या शेवटी उमेदवारालाही प्रश्न विचारायची मुभा असते. मी त्या मुलींना सांगायचे की ही संधी सोडू नका. विचारा, माझा मार्गदर्शक कोण? त्याला आठवड्यातून किती वेळ मोकळा ठेवलाय? पहिल्या सत्रात माझ्या नावावर किती वर्ग असतील? मागच्या वर्षीचा शिकाऊ शिक्षक आज कुठं आहे? ज्या शाळेला या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत, तिथं पगार चांगला असला तरी जाऊ नका. पगारी जागा तिथं फी भरून घ्यायच्या जागांच्या मानानं थोड्या असतात, आणि ज्यांना तिथं काम करायचा हक्क आधीपासून नाही अशांना घ्यायला बऱ्याच शाळा तयार नसतात. त्यामुळे मिळेल ती जागा पकडायची घाई होते. ती घाई महागात पडते. पूर्ण वर्ग अंगावर टाकून मोकळ्या झालेल्या शाळांमधून डिसेंबरपर्यंत मोडून बाहेर पडलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांतले काही फार चांगले शिक्षक झाले असते.

या सगळ्याचं मूळ शोधत मागं गेलं, तर आपण मद्रासला येऊन पोचतो. अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ साली मद्रासच्या एग्मोरमधल्या लष्करी अनाथाश्रमाचे प्रमुख झाले. जवळच्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली. आपल्या शाळेत तसं करायला त्यांचे सहायक शिक्षक तयार होईनात, म्हणून त्यांनी एका आठ वर्षांच्या मुलाला लहानांच्या वर्गावर बसवलं. त्यातून मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची ‘मद्रास पद्धत’ तयार झाली. १७९७ मध्ये बेल यांनी लंडनमध्ये तिची हकीकत छापली, आणि पुढं जोसेफ लँकेस्टर यांच्या तशाच प्रयोगाबरोबर ती इंग्लंडभर पसरली. एका मास्तरात शेकडो मुलं! स्वस्त म्हणून तिचं कौतुक झालं. पण ज्या मुलांनी शिकवलं त्यांना शिकवणं कुणी शिकवलं नाही, आणि काही दशकांतच तिचा पोकळपणा उघडा पडला.

तो पाहून पुढचं पाऊल टाकलं जेम्स के-शटलवर्थ यांनी. नॉरफोकमधल्या गरीबगृहांची देखरेख करत असताना त्यांना एका शाळेत मास्तर आजारी पडल्यावर वर्ग शांतपणे चालवणारा एक मुलगा दिसला होता. हॉलंडमध्ये उमेदवारी करणारे विद्यार्थी-शिक्षक त्यांनी पाहिले. १८४६ साली त्यांनी सरकारकडून जी योजना मंजूर करून घेतली, ती मला आजही थोर वाटते. तेरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी पाच वर्षांच्या करारानं शाळेत लागायची. पहिल्या वर्षी दहा पौंड, चढत चढत पाचव्या वर्षी वीस पौंड.  दिवसा शिकवायचं आणि रोज दीड तास मुख्याध्यापकाकडून स्वतः शिकायचं. त्या शिकवण्याबद्दल मुख्याध्यापकाला वेगळे पैसे: एका उमेदवाराला पाच पौंड, दोघांना नऊ. दरवर्षी निरीक्षक उमेदवाराची परीक्षा घेई, आणि पाच वर्षांनंतर शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन त्याला ट्रेनिंग कॉलेजात जाता येई. पण त्याही आधी निरीक्षक शाळा तपासत असे. मुख्याध्यापक शिकवायला समर्थ आहे का, पुस्तकं आणि साहित्य पुरेसं आहे का, वर्गांची मांडणी नीट आहे का, शिस्त कडक पण सौम्य आहे का. हे पाहून दाखला मिळाल्याशिवाय त्या शाळेला उमेदवार मिळत नसे.

आणि मग १८६२ साल उजाडलं. शिक्षणाचा सरकारी कारभार पाहणाऱ्या रॉबर्ट लो यांच्या सुधारित संहितेनं अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेतल्या निकालावर ठरायला लागलं. विद्यार्थी-शिक्षकाचा भत्ता आणि मुख्याध्यापकाचे ते वेगळे पैसे सरकारकडून थेट येणं थांबलं. सगळी रक्कम शाळेच्या चालकांच्या हाती गेली. उमेदवार किती पैशात ठेवायचा, हा आता चालकाचा सौदा झाला. त्याच्या स्वतःच्या शिक्षणाचे तास आठवड्याला साडेसातांवरून पाचांवर आले. त्यानंतरच्या वर्षांत या वाटेनं येणाऱ्यांची संख्या झपाट्यानं घसरली. शाळा-निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू आर्नल्ड यांनी या संहितेविरुद्ध सरकारी अहवालांतून वर्षानुवर्षं लिहिलं. टॉमस हार्डींच्या ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’मधली स्यू हीदेखील अशीच विद्यार्थी-शिक्षिका होती, आणि डी. एच. लॉरेन्स यांनी शिक्षकी पेशात पाऊल टाकलं ते याच वाटेनं. पद्धतीचा आराखडा तोच राहिला होता. त्यातला शिकण्याचा तास आणि शिकवणाऱ्याचा मोबदला तेवढा काढून घेतला होता. तेवढ्यानं ती खचली.

नव्या काळातली ‘टीच फर्स्ट’ ही इंग्लंडमधली संस्था २००२ ची. अमेरिकेतल्या ‘टीच फॉर अमेरिका’वरून ती स्फुरली, आणि त्याच घराण्यातली ‘टीच फॉर इंडिया’ २००९ साली मुंबई आणि पुण्यातल्या शाळांतून सुरू झाली. हुशार पदवीधर, थोड्या आठवड्यांचं प्रशिक्षण, मग दोन वर्षं थेट वर्ग. त्या तरुणांची निष्ठा मी मानते. पण अतिशय हुशार माणसाला सहा आठवड्यांत शिक्षक करता येतं, या समजुतीशी माझं पटत नाही. आणि त्यांतल्या ज्यांचं चांगलं झालं त्यांना विचारलं, तर वर्गात मागं बसून पाहणारा अनुभवी माणूस होता म्हणून झालं, असंच ते सांगतात.

आता घरचं पाहू. आपल्याकडे सावित्रीबाईंनी शिकवायला सुरुवात केली तेव्हा त्यांचं स्वतःचं शिकणं थांबलं नव्हतं, आणि त्यामागं जोतीराव उभे होते. हंटर आयोगापुढं १८८२ साली निवेदन देताना जोतीरावांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना बरा पगार असावा, या दोन्ही गोष्टी एकत्रच मागितल्या होत्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं, ते खेड्यातल्या शाळांसाठी खेड्यातलेच शिक्षक तयार व्हावेत म्हणून. दृष्टी आपल्याकडे होती.

२००० नंतर काय झालं? वस्तीशाळा आल्या. जिथं मुलांना शाळा लांब पडत होती अशा पाड्यांवर, तांड्यांवर, धनगरवस्त्यांवर गावातलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी महिन्याला हजार रुपये मानधनावर वर्ग चालवू लागली. निमशिक्षक म्हणून. झाडाखाली, समाजमंदिरात, कुणाच्या ओसरीवर. शाळा टिकल्या त्या त्यांच्यामुळे. पुढं नोकरीत राहूनच त्यांतल्या अनेकांनी डी.एड. पूर्ण केलं, आणि आंदोलनांमागून आंदोलनं झाल्यावर १ मार्च २०१४ पासून त्यांना सहशिक्षक म्हणून मान्यता मिळाली. या सगळ्या वर्षांत त्यांच्या वर्गात येऊन, एक पाठ पूर्ण पाहून, ‘ताई, हे असं करून बघा’ म्हणणारं किती वेळा कुणी आलं असेल? भेटी व्हायच्या त्या पटपडताळणीसाठी.

शिक्षणसेवकाची गोष्ट याहून वेगळी आणि मला अधिक टोचणारी आहे. हा माणूस आधीच डी.एड. किंवा बी.एड. झालेला असतो. त्याला तीन वर्षं मानधनावर ठेवायचं. ते मानधन प्राथमिकला दीर्घकाळ सहा हजार रुपये होतं. २०२३ मध्ये ते सोळा हजार झालं. पहिली तीन वर्षं नव्या शिक्षकानं शिकायची असतात, हे मला पूर्ण मान्य आहे. इंग्लंडमध्ये २०२१ पासून नव्या पात्र शिक्षकाला दोन वर्षांचा आधार देतात; पहिल्या वर्षी त्याचं काम दहा टक्के आणि दुसऱ्या वर्षी पाच टक्के कमी करतात, सोबत मार्गदर्शक देतात, आणि पगार पूर्ण देतात. आपण पगार कमी केला आणि काम पूर्ण ठेवलं. शाळेवर मार्गदर्शक म्हणून नेमलेलं कुणी नाही. उलट निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती ही कामं नव्या माणसाकडेच आधी जातात, कारण त्याला नाही म्हणता येत नाही.

शिक्षणहक्क कायद्यानं अप्रशिक्षित शिक्षकांना पात्र होण्यासाठी पाच वर्षं दिली होती. ती मुदत ३१ मार्च २०१५ ला संपली आणि देशभर लाखो लोक तसेच राहिले. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मुदत ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढवली, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेनं अठरा महिन्यांचा डी.एल.एड. सुरू केला. ‘स्वयं’ पोर्टलवर धडे, दूरचित्रवाणीवर व्याख्यानं, सुट्टीच्या दिवशी संपर्कवर्ग. दहा लाखांहून अधिक शिक्षकांनी नाव नोंदवलं. एवढ्या मोठ्या प्रमाणावर नोकरीतल्या शिक्षकांचं प्रशिक्षण जगात क्वचितच कुठं झालं असेल. आणि नोव्हेंबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की हा अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम नव्या नेमणुकीसाठी दोन वर्षांच्या पदविकेच्या बरोबरीचा नाही. कायद्याच्या दृष्टीनं न्यायालयाचं म्हणणं समजून घेता येतं. पण दिवसभर वर्ग घेऊन रात्री मोबाइलच्या पडद्यावर धडे पाहणाऱ्या खासगी शाळेतल्या बाईंच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तिच्या वर्गात, तिच्या चाळीस मुलांसमोर येऊन तिला घडवण्याची जबाबदारी या सबंध व्यवस्थेत एकाही शाळेवर टाकलेली नव्हती.

अगदी अलीकडचं म्हणजे २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना. बारावी झालेल्याला सहा हजार, पदवीधराला दहा हजार विद्यावेतन, सुरुवातीला सहा महिने. यातले बरेच तरुण जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये आले आणि जिथं शिक्षकांची जागा रिकामी होती तिथं त्यांच्याकडे वर्ग गेले. योजनेच्या नावात प्रशिक्षण आहे. त्यांना प्रशिक्षण कुणी दिलं, हा प्रश्न त्या तरुणांनीच मोर्चे काढून विचारला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांची मागणी नोकरीत कायम करण्याची होती, आणि पोटाचा प्रश्न असताना ती स्वाभाविक होती.

नव्याला जाणत्याची सोबत लागते, हे शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नवं खोंड औताला जुंपायचं तर ते सरावलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतात, आणि पहिल्या दिवशी भुसभुशीत रानातच फिरवतात.

कुणी म्हणेल, मग इंग्लंडसारखं शाळांनाच उमेदवार निवडू द्या, अर्ज घेऊ द्या, घडवू द्या. इथं मी थांबते. आपल्याकडे शाळेच्या हातात निवड दिली की काय होतं, हे आपण पाहिलेलं आहे. शिक्षकाच्या जागेचा भाव गावात सगळ्यांना माहीत असायचा. शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आलं ते त्यावरचा उपाय म्हणून, आणि त्याच्या अडचणी कितीही असल्या तरी गुणवत्तेवर नेमणूक मिळालेल्या गरिबांच्या मुलांना विचारा, ते त्याला दुवाच देतील. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांचंही तेच. न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला गेला तो महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेच्या वादातून. आयोगानं तपासणी करवली तेव्हा त्यांतली बहुसंख्य अपात्र ठरली. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं आणि त्यात वीस आठवड्यांचा शालेय अनुभव घातला, तो या आयोगानंतरच. त्या वीस आठवड्यांत छात्राध्यापक शाळेत खरोखर काय करतात, हे इथं बसलेल्या मुख्याध्यापकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अनुपस्थित शिक्षकाचे तास भरून काढतात.

म्हणून मला वाटतं की उमेदवाराची निवड राज्यानंच करावी, गुणांवर, आज होते तशीच. पण त्या फॉर्ममध्ये एक पान मोकळं ठेवावं, ज्यात उमेदवारानं एखाद्या खऱ्या वर्गात स्वतः पाहिलेल्या एखाद्या मुलाविषयी मराठीत लिहायचं. आणि शाळांची निवड वेगळी, कडक व्हावी. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, म्हणजे डाएटच्या, अधिव्याख्यात्यांनी आणि अनुभवी शिक्षकांनी शाळेत बसून ती करावी: मुख्याध्यापक स्वतः वर्गावर जातो का, शिक्षक एकमेकांचे पाठ पाहतात का, पाठटाचण कुणी वाचतं का. अशी दाखला मिळालेली शाळाच शिकाऊ शिक्षक घेईल. त्याला संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या मंजूर शिक्षकसंख्येत, धरायचं नाही. तो जास्तीचा माणूस आहे. रिकाम्या जागेवर त्याला बसवता कामा नये. मार्गदर्शक शिक्षकाला त्याबद्दल भत्ता आणि आठवड्यातले दोन तास मोकळे. के-शटलवर्थ यांना १८४६ साली जे परवडलं, ते आपल्याला परवडत नाही असं मी मानायला तयार नाही.

यात एक खरी अडचण आहे आणि ती मला झाकायची नाही. अक्कलकुव्यात, मोखाड्यात, भामरागडमध्ये बहुतेक शाळा द्विशिक्षकी आहेत. दोन शिक्षकांत पाच इयत्ता. तिथं मार्गदर्शक कुठून आणायचा आणि मोकळा तास कुठून काढायचा? आणि नवा, एकटा शिक्षक पहिल्याच नेमणुकीत जातो तो नेमका तिथं. माझी सूचना अशी की डोंगरी आणि आदिवासी तालुक्यांत नेमणूक मिळालेल्या प्रत्येक नव्या शिक्षकाला पहिलं एक वर्ष दाखला मिळालेल्या केंद्रशाळेत जास्तीचा म्हणून, पूर्ण पगारावर ठेवावं. त्यातले काही आठवडे त्यानं पुढं जायच्या पाड्यावरच्या शाळेत काढावेत, तिथली बोली कानावर पडू द्यावी, आणि मग रुजू व्हावं. तोवर त्या पाड्यावरची जागा रिकामी राहू नये म्हणून भरती एक वर्ष आधी करावी लागेल. त्या एका वर्षाच्या पगाराची आणि मार्गदर्शकांच्या भत्त्याची तरतूद राज्याच्या पुढच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली व्हावी, ही मागणी मी या व्यासपीठावरून करते आहे, आणि तिचा लेखी मसुदा आजच्या सभेच्या वतीनं शिक्षणमंत्र्यांकडे पाठवावा अशी अध्यक्षांना विनंती करते.